क्रीडाशिक्षक निवृत्त झाला की संध्याकाळी साडेचारला काय करतो?

प्रश्न असा आहे: “रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात मी क्रीडाशिक्षक आहे. ३० वर्षं खो-खो शिकवतोय. दोन वर्षांनी निवृत्त होईन. मुलगा म्हणतो ठाण्याला या, संस्थेचे लोक म्हणतात मानधनावर येत राहा, घरचे म्हणतात आंब्याच्या कलमांकडे बघा. मला मात्र मैदानाशिवाय संध्याकाळ कशी काढायची तेच कळत नाही. या वाटेनं आधी गेलेल्या कुणी सांगेल का?”

सर, मी तुमच्या नऊ वर्षं पुढे आहे. सिंधुदुर्गात, समुद्राकाठच्या एका तालुक्याच्या गावी ३१ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं, आणि तासिका भरत नसत तेव्हा सातवीचा भूगोलही. खो-खो माझाही जिवाचा खेळ, कबड्डी गरजेपुरती. ५८ पूर्ण झाली त्या महिन्याच्या अखेरीस शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आलो. पहिले पंधरा दिवस बरे गेले. मग एका दुपारी साडेचारला मी कपडे बदलून ओटीवर येऊन बसलो, तर ही आतून म्हणाली, “आज कोणाची मॅच?” मॅच कोणाचीच नव्हती. माझ्या पायांत बूट होते.

तुमचा प्रश्न मला त्या बुटांपासूनच कळतो. पेन्शन वेळेवर येते, बाजारात लोक अजून ‘सर’ म्हणून हाक मारतात, त्यामुळे पैसा आणि मान या दोन्हींची फार काळजी करू नका. रिकामी होते ती साडेचार ते साडेसहा ही वेळ. त्या दोन तासांत काय करायचं यावर माझं मत ठाम आहे: आपल्या शाळेच्या संघापासून निदान वर्षभर लांब राहायचं, आणि जिथे आपण नोकरीत असताना कधी पाऊल ठेवलं नाही त्या प्राथमिक शाळांत जायचं.

लांब का राहायचं ते माझ्या चुकीवरून सांगतो. निवृत्तीनंतर महिन्याभरातच मी शाळेच्या मैदानावर गेलो. माझ्या जागी एक तरुण बाई आल्या होत्या. बी.पी.एड. झालेल्या, स्वतः राज्य पातळीवर खेळलेल्या. कडेला बसायचं, तोंड उघडायचं नाही, असं ठरवूनच गेलो होतो. बाईंनी मुलींना सांगितलं, “खांबावरून वळल्यावर लगेच खो नको, दोन चौक पुढे जा आणि मग द्या.” मैदानावर चौदा मुली होत्या. त्यांतल्या नऊ-दहा जणींनी आधी माझ्याकडे बघितलं. मी बोललो काहीच नाही, फक्त मान हलवली. झालं, तेवढ्यानं बाईंचा त्या दिवसाचा सराव संपला. त्या पुढे जे सांगतील ते माझ्या मानेच्या मंजुरीनंच मैदानात उतरणार होतं.

मला हे तेव्हा उमगलं नाही. मी रोज जात राहिलो. त्या वर्षी तालुक्याला संघ पहिल्याच फेरीत हरला आणि तिठ्यावर लोक म्हणाले, “सर गेले नि संघ गेलो.” हे ऐकायला गोड लागतं. मला लागलं, खोटं कशाला बोलू. चार महिन्यांनी बाईच एकदा हसत म्हणाल्या, “सर, तुम्ही आलात की मीपण त्यांच्यासारखीच लायनीत उभी राहते.” दुसऱ्या दिवसापासून मी त्या फाटकातून आत गेलो नाही. तिसऱ्या वर्षी त्यांचा संघ जिल्ह्याला ओरोसला खेळला तेव्हा तिकीट काढून एसटीनं गेलो, प्रेक्षकांत बसलो, वडापाव खाऊन परत आलो. त्यांचा खेळ माझ्यापेक्षा वेगळा आहे. माझे खेळाडू संरक्षणावर जगायचे, यांच्या मुली आक्रमणात अंगावर येतात.

मानधनाचं म्हणाल तर एकच गोष्ट तपासा: तुमच्या जागेवर नवा माणूस येणार आहे का? येणार असेल तर कृपा करून जाऊ नका. येणारच नसेल (आपल्याकडे पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, कला आणि क्रीडा यांच्यावरच आधी कुऱ्हाड पडते) तर जरूर जा. पण लेखी पत्र घेऊन, एका शैक्षणिक वर्षापुरते, आणि गणित किंवा विज्ञानाच्या एखाद्या तरुण शिक्षकाला हाताशी धरून. त्याला पंच परीक्षेला बसवा. वर्षअखेरीस संघाच्या अर्जावर मार्गदर्शक म्हणून सही त्याची असू दे.

आता प्राथमिक शाळांचं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत क्रीडाशिक्षक हे पदच नसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. वाडीवरच्या शाळेत एक-दोन शिक्षक, चार-पाच इयत्ता, शिवाय पोषण आहाराच्या नोंदी आणि सतत मागवली जाणारी माहिती. त्यांना ‘मुलांचे खेळ घ्या’ म्हणणं ही चेष्टा झाली. आणि इकडे मी ३१ वर्षं दर जूनला कुरकुरत होतो, की पाचवीला आलेल्या पोरांना चौकात धड बसतासुद्धा येत नाही. त्यांना कोण शिकवणार होतं? मी तर कधी तीन किलोमीटरवरच्या वाडीत गेलो नव्हतो.

आता माझ्याकडे तीन शाळा आहेत. प्रत्येकीला आठवड्यातला एक दिवस, शेवटच्या दोन तासिका. एका शाळेचा पट ११, दुसरीचा १७, तिसरीचा २६. जाण्याआधी मुख्याध्यापकांना अर्ज दिला, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो वाचला गेला, केंद्रप्रमुखांच्या कानावर घातलं आणि गटशिक्षण कार्यालयात एक प्रत देऊन पोच घेतली. हे सगळं कराच. “सरांना कोण विचारणार” असं म्हणतील, तरी करा. मुलांना शाळेच्या आवाराबाहेर न्यायचं असेल तर शाळेचं पत्र आणि सोबत शाळेतलं किंवा पालकांपैकी एक माणूस, मुली असतील तर बाईमाणूस. एकट्या मुलाला कधी गाडीवर मागे घेऊन सोडायलाही जायचं नाही, कितीही पाऊस असो. नोकरीत असताना आपल्या मागे शाळा उभी असते. निवृत्त माणूस म्हणजे कायद्याच्या भाषेत बाहेरचा कुणीतरी. मुलांच्या भल्यासाठीही हे अंतर बरंच.

११ पोरांत खो-खो कसा खेळायचा? नियमाप्रमाणे ९ आक्रमक लागतात, ८ बसलेले आणि १ पळणारा, आणि समोर तिघा-तिघांच्या तुकडीनं उतरणारे संरक्षक. मी चारच चौक आखतो. चौघं बसतात, एक पळतो, एकाच वेळी दोघं संरक्षण करतात, उरलेले गुण लिहितात आणि वेळ मोजतात. ९ मिनिटांच्या पाळीऐवजी २ मिनिटांची पाळी. तिसरीतल्या मुलीला घड्याळ दिलं की ती पंचापेक्षा कडक असते. शिवाय तिला वजाबाकी येते की नाही ते शिक्षकांना तिथेच समजतं. सव्वा मिनिटातून पन्नास सेकंद वजा करताना साठाची हातची उसनवारी भल्याभल्यांना चकवते.

आठ ते अकरा वयात मी फक्त चार गोष्टी शिकवतो आणि त्यांतली पहिलीच सहा महिने खाते. ती म्हणजे बसणं. पोरं उकिडवी बसतात, कुल्ले टाचांवर टेकवून, आणि खो मिळाला की आधी अंग वर उचलतात, मग पळायला लागतात. तेवढ्यात संरक्षक दोन चौक पुढे गेलेला असतो. एक पाय किंचित पुढे, मागच्या पायाची टाच उचललेली, हाताची बोटं जमिनीला टेकलेली, नजर समोर. आणि उठताना वर न येता तिरकं पुढे सरकायचं. हे पावसाळ्यात शाळेच्या पडवीत होतं, मैदान लागतच नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे मैदान म्हणजे तळं असतं. पडवी, समाजमंदिर, देवळाचा सभामंडप, कुठेही चार चौक खडूनं आखा.

दुसरी गोष्ट, खो देणं. आधी पाठीला हात, मग आवाज, की आवाज आधी? लहान मुलं उत्साहात दोन हात लांबूनच ओरडतात. मी त्यांना ओल्या खडूनं पंजा माखून खो द्यायला लावतो. पाठीवर पांढरा पंजा उमटला तरच खो. गणवेशाचं काय होतं ते विचारू नका, एका आईनं मला रस्त्यात गाठून विचारलं होतं. तिसरी, मध्यरेषा न ओलांडता एकाच दिशेनं पळणं. चौथी, संरक्षकाची साखळी: बसलेल्या एकाच्या डावीकडून, पुढच्याच्या उजवीकडून, असं विणत जायचं, आणि नजर आक्रमकाच्या खांद्यावर ठेवायची. तोंडाकडे बघणारा फसतो, कारण तोंड हूल देतं. खांदा सहसा देत नाही.

सूर मारणं या वयात नको. आणि आपल्या जांभ्याच्या मैदानावर तर कुठल्याच वयात नको, असं माझं उशिरा झालेलं मत आहे. किती पोरींची कोपरं आणि गुडघे मी सोलून काढले असतील! वर “हळद लावा” म्हणून सांगायचो. घाटावरचे संघ मऊ मातीत लोळून वाढलेले असतात. कोल्हापूर विभागाच्या स्पर्धेत आपली मुलं खांबाजवळ बिचकतात त्याचं हे एक कारण आहे, अंगात भीती मुरलेली असते. यावर उपाय आपल्या दारात होता आणि तो मला निवृत्तीनंतर सुचला: पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू.

ओहोटीची ओली वाळू पळायला घट्ट आणि पडायला मऊ. अडचण एवढीच, की हे मैदान रोज जागा बदलतं. त्यासाठी आमच्या शेजारच्या गाबीत, म्हणजे मच्छीमार समाजातल्या आजोबांचं गणित वापरतो. ते सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे, पण मी भूगोलाचा मास्तर असून कधी वर्गात शिकवलं नाही. तिथीला पाऊणनं गुणायचं, की भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती आणि साधारण सहा तासांनी, नऊला ओहोटी. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला पाणी वर चढलेलं. त्या आठवड्यात पुळणीचा विचारच सोडायचा. पौर्णिमा-अमावास्येला मात्र भरती सव्वाअकराच्या सुमारास आणि ओहोटी संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास, शिवाय उधाणाचे दिवस असल्यानं पाणी लांबवर मागे जातं. म्हणजे त्रयोदशीपासून प्रतिपदेपर्यंत चार-पाच दिवस, महिन्यातून दोनदा, २७ बाय १६ मीटरचं मैदान फुकट मिळतं. चुना नको, पाणी मारणं नको, रोलर नको.

सामान म्हणजे चौकांच्या अंतरावर गाठी मारलेली एक नायलॉनची दोरी आणि पोफळीच्या खोडाचे दोन खांब. पोफळ गुळगुळीत असते, हाताला सल जात नाही. खांब जमिनीवर सव्वाशे सेंटिमीटरच्या आत राहील असा पुरायचा. सुरुवातीला सगळ्यांनी ओळीनं पूर्ण मैदान चालत जायचं आणि शिंपल्यांचे तुकडे, काचा, तुटलेले गळ वेचायचे. मोडक्या बाटल्या पर्यटकांच्या, गळ आपल्याच लोकांचे. मग सूर: आधी गुडघ्यांवर बसून पुढे झोकून द्यायचं, मग अर्ध्या बैठकीतून, मग दोन पावलं घेऊन. हनुवटी वर, छाती आणि मांड्या एकदम टेकायच्या, हात कोपरात ताठ नकोत. आणि एक नियम, ज्यात मी कुणाचंच ऐकत नाही: खेळ संपल्यावर समुद्रात जायचं नाही. पाय धुवायलासुद्धा नाही. मोजून आणलेली मुलं मोजून परत न्यायची.

पावसाळ्यात पुळण विसरा. लाटा वाळू ओढून नेतात, उतार होतो. नारळी पौर्णिमा झाली तरी मी लगेच जात नाही, दसऱ्यापर्यंत थांबतो.

मुलींबद्दल थोडं वेगळं लिहितो, कारण तिथे माझं देणं राहिलं आहे. नोकरीच्या सातव्या-आठव्या वर्षी माझ्याकडे नववीत एक मुलगी होती. साडेतीन-चार मिनिटं एकटी खेळून काढायची आणि दम न लागता परत यायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती सरावाला आली नाही. घरच्यांनी बंद केलं होतं. मी तिच्या घरी गेलो नाही. दुसऱ्याच्या घरात आपण कसं बोलायचं, असं तेव्हा वाटलं. ती आता बाजारात मासे विकते. मी गेलो की बांगड्याच्या वाट्यावर एक जास्तीचा टाकते. खो-खोचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

आता जातो. सहावी-सातवीच्या वळणावर, मुलगी हायस्कुलात जायच्या आधी, घरी जाऊन बसतो, चहा घेतो. आयांचा मुद्दा बहुतेक वेळा खेळाला विरोध हा नसतोच. एक आई म्हणाली, “चेडवाक (मुलीला) खेळाक नेतास तर न्या, पण सांजवेळेक घराक आणून सोडूची जबाबदारी कोणाची?” प्रश्न रास्त आहे. शेवटची एसटी सहाला असेल तर सराव साडेपाचला संपला पाहिजे, एवढं साधं आहे ते. मी इतकी वर्षं सराव सहापर्यंत ओढायचो आणि मुली गळतात म्हणून समाजाला नावं ठेवायचो.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यानंतर ही बोलणी जरा सोपी झाली हेही खरं. भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. मुलींनी ७८–४० असं. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. आमच्या वाडीतल्या पुरुषमंडळींनी तो सामना मोबाईलवर बघितला. पण मी पालकांना विश्वचषकाची स्वप्नं दाखवत नाही. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण, आणि पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी असलेलं ५ टक्के आरक्षण, एवढंच सांगतो. त्यातलं आरक्षण किती उंचावर खेळलेल्यांना मिळतं, तेही स्पष्ट सांगतो.

यावरून एक काम सुचवतो, ते मात्र निवृत्तीच्या आधीच करा. गेल्या ३० वर्षांचे संघ, स्पर्धांच्या तारखा, गुणपत्रकं, प्रमाणपत्रांचे क्रमांक यांची एक वही करा. मूळ कागद शाळेचे, ते शाळेतच ठेवा. झेरॉक्स तुमच्याकडे. खेळाडू प्रमाणपत्र पडताळणीसाठी पोरं दहा-दहा वर्षांनी परत येतात: “सर, त्या साली मी राखीव होतो, पण होतो ना?” शाळेतलं कपाट तोवर वाळवीनं खाल्लेलं असतं किंवा छप्पर गळून भिजलेलं. माझ्या वहीमुळे आजवर चौघांची अडलेली कामं पुढे सरकली. वही नसती तर माझ्या आठवणीला कुणी दाखला मानलं नसतं.

कागदांवरून आपल्याही कागदांचं. तुमच्या हातात दोन वर्षं आहेत, म्हणजे वेळ अगदी बरोबर आहे. सेवापुस्तक स्वतः पानन्‌पान वाचा. जन्मतारीख, नेमणुकीची मान्यता, बी.पी.एड.ची नोंद, प्रत्येक वेतननिश्चिती, वारसाचं नामनिर्देशन, आणि प्रत्येक नोंदीखाली सही आहे का. माझ्या पुस्तकात मधल्या दोन वर्षांच्या सेवा पडताळणीवर सहीच नव्हती. तेव्हाचे मुख्याध्यापक गावी जाऊन बसलेले, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचा आपसात वाद, आणि माझं पेन्शन सात महिने लटकलं. प्रस्ताव निवृत्तीच्या सहा महिने आधी महालेखापालांकडे जायला हवा, म्हणजे शाळेतून त्याच्याही बराच आधी निघायला हवा. अंशराशीकरण, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेणं, करायचं की नाही यावर घरात बसून बोला. जास्तीत जास्त ४० टक्के विकता येतं आणि तेवढी रक्कम १५ वर्षांनी परत चालू होते. मी केलं, त्यातून घराचं छप्पर झालं, पश्चात्ताप नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. पहिल्या वर्षी मी विसरलो होतो. स्वतः हयात असल्याचं विसरणं आपल्यासारख्यांनाच जमतं.

पहाटे वेळ असेल आणि थोडे पैसेही हवे असतील तर पोलीस भरतीची मुलं आहेत. आमच्याकडे साडेपाचला आठ-दहा जण येतात. मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. यात आपला अनुभव लगेच कामी येतो, कारण गोळाफेकीत गुण घालवणारी मुलं ताकदीला कमी नसतात, ती गोळा तळहातात धरून चेंडूसारखा भिरकावतात. बोटांच्या मुळाशी धरून मानेला टेकवून पायातून ढकलायला शिकवलं की दोन महिन्यांत फरक दिसतो. यांच्याकडून मी फी घेतो, महिना ३०० रुपये. मोठ्या माणसानं फुकट मिळालेल्या सरावाला दांडी मारायची असते, हा माझा अनुभव. त्या पैशांतून प्राथमिकच्या मुलांच्या दोऱ्या, मलमपट्टी आणि लिंबू-साखर-मीठ येतं. लहान मुलांकडून एक पैसा घेत नाही. त्यांच्या पालकांनी महिन्यातून एकदा येऊन सराव संपेपर्यंत कडेला बसायचं, एवढीच अट.

शरीर: गुडघे तुमचेही गेले असतील. मी ६१ व्या वर्षी एका शिबिरात खांबावरचा सूर ‘असा मारायचा’ म्हणून दाखवायला गेलो. खांदा निखळला. दवाखान्यात नेईपर्यंत माझी पिशवी उचलून चालणारी आठवीतली मुलगी म्हणाली, “सर, तुम्ही तोंडान सांगा, आमका समाजता.” तेव्हापासून मी प्रात्यक्षिकासाठी एक खेळाडू पुढे उभा करतो. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा त्या बारा वर्षांच्या पोरीकडे बघून बाकीची लवकर शिकतात. स्पर्धेच्या मोसमात उभ्यानं पंचगिरी जमत नसेल तर गुणलेखक किंवा वेळाधिकारी म्हणून टेबलावर बसा. तिथे अनुभवी माणसाची फार गरज असते आणि सावली असते.

ठाण्याला जाऊन या. मीही डोंबिवलीला मुलाकडे दोन महिने राहिलो. नातवाबरोबर चौथ्या मजल्यावरून खाली पार्किंगमध्ये उतरायचो, तिथे दोन गाड्यांमध्ये पोरं क्रिकेट खेळत. गाड्यांमध्ये खो-खो बसवता येईल का, असं मनात मोजायला लागलो तेव्हा ओळखलं की आता परतीचं तिकीट काढावं. कोकण रेल्वे आहे. उन्हाळ्यात ते येतात, दिवाळीनंतर आम्ही जातो.

आणि कलमं बघणं हे निवृत्तीतलं काम आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एक मोसम फवारणीचं वेळापत्रक पाळून दाखवावं. मोहोर आल्यापासून आंबा उतरेपर्यंत रोजचा जीव टांगणीला. माझी २२ कलमं मी खंडानं, म्हणजे ठरावीक रकमेवर दुसऱ्याला कसायला, दिली आहेत. तुमच्या घरच्यांना राग येणार असेल तर पाच-सहा झाडं स्वतःकडे ठेवा, म्हणजे पेटी भरताना बोलता येतं.

जुन्या मुलांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. गणपतीत सगळी चाकरमानी मंडळी येतात. दीड दिवसाचे गणपती गेले की तिसऱ्या दिवशी आमच्याकडे जुने विरुद्ध नवे असा सामना होतो, चिखलात, पाऊस असला तरी. जुन्यांतले अर्धे पहिल्या मिनिटाला बाद होतात आणि हसत बाहेर येतात. त्या दिवशी मला शिट्टी द्यायला येतात, मी ती घेऊन आमच्या बाईंच्या हातात देतो. पहिल्या वर्षी जड गेलं. आता मी गुण लिहायला बसतो आणि कोणी साखळी चुकला की पेन्सिल आपटतो, एवढंच.

हे लिहिता लिहिता पंचांग बघितलं. उद्या रविवार आणि त्रयोदशी आहे. तेरा पाऊणे पावणेदहा, म्हणजे ओहोटी पावणेचारला. ऊन उतरेपर्यंत थांबायचं तर साडेचारला सुरुवात करता येईल. दोरीच्या दोन गाठी गेल्या खेपेला सैल झाल्या होत्या, त्या आज रात्री पुन्हा मारायच्या आहेत.